मनोरुग्णाचे कायदेशीर हक्क आणि आपली जबाबदारी

एखादा माणूस आजारी पडतो, त्याला रुग्णालयात दाखल केले जाते, उपचारांनी तो बरा होतो आणि डॉक्टर त्याला घरी जाण्याची परवानगी देतात. इतर आजारांत गोष्ट येथे संपते. मानसिक आजारात मात्र ती पुष्कळदा येथेच अडते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात एक विवाहित स्त्री बरी झाल्यावरही अनेक वर्षे अशीच अडकून पडली होती. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला. तेव्हा ध्यानात आले की, ही एकट्या स्त्रीची कथा नव्हती. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील राज्याच्या मनोरुग्णालयांत असे कितीतरी रुग्ण होते, जे घरी जाण्यास योग्य ठरूनही वर्षानुवर्षे आतच राहिले होते. न्यायालयाने या रुग्णांचा हिशेब मागितला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची अंमलबजावणी कोठवर आली, याचा जाब शासनाला विचारला.

याच सुमारास, जुलै २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्राला सुनावले. बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना पुनर्वसनाच्या नावाखाली भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविले जात होते. ही पुनर्वसनाची थट्टा ताबडतोब थांबवावी, असे न्यायालयाने बजावले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातील ४६ शासकीय मानसिक आरोग्य संस्थांच्या अमानुष स्थितीबद्दल केंद्र व राज्य शासनांना नोटिसा पाठविल्या. बरे झालेल्यांना बेकायदा डांबून ठेवणे, हा त्यातील एक ठळक आक्षेप होता.

या घटनांतून आम्हाला एकच मुद्दा वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. मनोरुग्णावर सक्ती होते ती केवळ त्याला दाखल करण्याच्या दिवशी, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या दिवसाची सक्ती एखाद्या वेळी अपरिहार्यही असेल. तिच्याहून भारी सक्ती त्यानंतरच्या दिवसांत असते. त्या दिवसांत त्याला कोणी काही विचारीत नाही, भेटावयास कोणी येत नाही आणि घरी जाण्याचा दिवस काही केल्या उजाडत नाही. कायद्याने प्रत्येक टप्प्यावर रुग्णाच्या हाती एक हक्क दिला आहे. परंतु आतल्या माणसाचा हक्क खरा ठरण्यासाठी बाहेर कोणीतरी जागे असावे लागते. ते कुटुंब असावे, आणि कुटुंब थकले तर धर्मग्राम असावा.

आपल्या धर्मप्रांतातील अडचण

नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे आपल्या धर्मप्रांतात येतात. राज्याच्या वर सांगितलेल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही या पाच जिल्ह्यांत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाला दाखविता येते, औषधेही मिळतात. परंतु दीर्घकाळ दाखल करण्याची वेळ आली की ठाण्याची किंवा येरवड्याची वाट धरावी लागते.

अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातील एखाद्या मजूर कुटुंबाचा विचार करा. मुलाला ठाण्याला पोहोचविण्यासाठी गाडीभाड्याला उसनवारी करावी लागते. पहिल्या महिन्यात बाप एकदा भेटावयास जातो. दोन दिवसांची मजुरी बुडते, एक रात्र एसटी स्थानकावर काढावी लागते. पुढची भेट नाताळाच्या आधी होते, त्यापुढची होतच नाही. यात दुष्टपणा कोणाचाही नसतो. अंतर आणि दारिद्र्य मिळून हळूहळू नाते तोडतात, आणि कागदोपत्री नोंद होते ती एवढीच की, नातेवाईक संपर्कात नाहीत.

सुशिक्षित आणि सुस्थितीतील कुटुंबांची अडचण निराळी असते. तेथे पैसा अडत नाही, लाज अडते. धाकट्या बहिणीचे लग्न जमावयाचे असते, शेजाऱ्यांना कळू द्यावयाचे नसते. मग भाऊ परगावी नोकरीला आहे असे सांगितले जाते. रविवारच्या मिस्सेला त्या घरातील एक जागा रिकामी राहते आणि तिच्याबद्दल कोणी विचारीत नाही.

कायद्याची वाटचाल

ब्रिटिशांनी केलेला १९१२ चा कायदा वेड्यांचा कायदा म्हणूनच ओळखला जाई. रुग्णापासून समाजाचे रक्षण करणे, हा त्याचा मुख्य रोख होता. १९८७ मध्ये नवा कायदा संमत झाला आणि १९९३ मध्ये अंमलात आला. भाषा सुधारली, तरी दाखल करण्याचा निर्णय बहुतांशी नातेवाईक, डॉक्टर आणि दंडाधिकारी यांच्याच हाती राहिला. त्याच १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे. तोपर्यंत पश्चिम बंगालच्या तुरुंगांत असे निरपराध स्त्री-पुरुष खितपत पडले होते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे पहाटे आग लागली. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. साऱ्या देशाला त्या दिवशी या साखळ्या दिसल्या.

२००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला मान्यता दिली आणि त्यानुसार देशातील कायदा बदलणे भाग पडले. नव्या कायद्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या विधी महाविद्यालयाशी संबंधित मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा होता. एप्रिल २०१७ मध्ये हा कायदा संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे.

रुग्णाला कोणते हक्क आहेत?

या कायद्याचा पाया असा की, प्रत्येक व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता आहे असे मानूनच सुरुवात करावयाची. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तिला क्षमता नाही असे ठरविता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून तिला आज मनोरुग्ण म्हणता येत नाही. मानसिक आजार आहे म्हणून ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने विकलमनस्क ठरत नाही. तसे ठरविण्याचा अधिकार केवळ सक्षम न्यायालयाला आहे. मालमत्तेच्या वादात किंवा विवाहाच्या खटल्यात पत्नीच्या जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या पुढे करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णाने घरी जाण्याची इच्छा व्यक्त केली, तर त्याला सोडावे लागते. त्याची प्रकृती तपासण्यासाठी फार तर २४ तास थांबविता येते. त्याच्या संमतीवाचून उपचार करता येत नाहीत.

संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला दाखल करावयाचे झाल्यास अटी कडक आहेत. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे. त्याने नुकताच स्वतःच्या जिवाला धोका निर्माण केला असावा, किंवा इतरांशी हिंसक वर्तन केले असावे, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला अशक्य झाले असावे. घरात कटकट करतो, आईवडिलांचे ऐकत नाही, मनाविरुद्ध लग्न करू पाहते, ही दाखल करण्याची कारणे नव्हेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणात हेच अधोरेखित केले. आईवडिलांच्या सांगण्यावरून तिला बळाने मानसोपचार रुग्णालयात नेण्यात आले होते. न्यायालयाने तो तिच्या स्वातंत्र्यावरील घाला ठरविला आणि नुकसानभरपाई देवविली.

अशा प्रकारे दाखल करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. रुग्णालयाने त्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावयाची असते. स्त्रिया व अल्पवयीन मुले यांच्या बाबतीत तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत. प्रतिनिधीच्या संमतीने उपचार चालू असतील, तर रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो काय, हे दर सात दिवसांनी पाहावयाचे असते. तीस दिवसांपलीकडे ठेवावयाचे तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची संमती लागते. हे मंडळ डॉक्टरांचेच नसते. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्ती, त्यांचे सांभाळकर्ते किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांनाही त्यात स्थान आहे. आपल्याला दाखल करण्याविरुद्ध रुग्णाने अर्ज केला, तर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. मंडळाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

काही गोष्टींना कायद्याने पूर्ण मज्जाव केला आहे. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून विजेचे झटके देता येत नाहीत. अल्पवयीन मुलांना ते मंडळाच्या परवानगीवाचून देताच येत नाहीत. आजारावरचा उपाय म्हणून स्त्री किंवा पुरुषाची नसबंदी करता येत नाही. तात्काळ धोका टाळण्यास दुसरा मार्गच उरला नसेल, तर रुग्णाला काही वेळ आवरून ठेवता येते. परंतु शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून तसे करता येत नाही. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण पोलिसांना आढळल्यास त्याला २४ तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत न्यावयाचे असते, कोठडीत टाकावयाचे नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे कलम १९. घरच्यांनी स्वीकारले नाही, घरच नाही, किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्या कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी निवासाची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ठाण्याच्या त्या स्त्रीची बाजू या एका कलमात सामावली आहे.

व्यसनमुक्ती केंद्रांचा प्रश्न

मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नवरा दारूपायी घर उद्ध्वस्त करू लागला की बायको कोणीतरी दिलेला दूरध्वनी क्रमांक फिरविते. गाडी येते, चार माणसे त्याला उचलून नेतात आणि काही महिने त्याच्याशी बोलूही दिले जात नाही. पत्नीची हतबलता आम्ही जाणतो. परंतु दाराला कुलूप असलेल्या आणि डॉक्टर नसलेल्या जागेत माणसाला कोंडणे हा उपचार नव्हे. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी आवश्यक आहे, मग ती शासकीय असो, खासगी असो वा धर्मादाय न्यासाची असो. सेवाभाव हे नोंदणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा असे म्हणण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

दोन बाजूंचे आक्षेप

हा कायदा सर्वांना पसंत आहे असे नाही. अनेक मानसोपचारतज्ज्ञांचे म्हणणे असे की, भारतात रुग्णाचा भार कुटुंबच वाहते. त्या कुटुंबाला बाजूला सारून परदेशी धर्तीचे कागदी सोपस्कार वाढविले आहेत. ज्या देशात बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत, तेथे दाखल करणे आणखी अवघड करू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे एकाहून किंचित अधिक व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेचा आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी आपल्या आईने मनोरुग्णालयांत जे सोसले, ते लहानपणी पाहिले होते. सक्तीच्या उपचारांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लढा दिला. सक्तीचे नियमन पुरेसे नाही, सक्तीच नको, हे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाला वस्तीत, आपल्या माणसांत आधार मिळाला तर कोंडण्याची वेळच येत नाही, हे त्यांनी पुण्याच्या झोपडपट्ट्यांतील कामातून दाखविण्याचा प्रयत्न केला. इटलीने १९७८ मध्येच मोठी मनोरुग्णालये बंद करण्याचा कायदा केला आणि सक्तीच्या उपचारांवर महापौर व न्यायाधीश यांची देखरेख ठेवली, हेही येथे आठवावे.

आम्हाला वाटते, दोन्ही आक्षेप एकाच ठिकाणी येऊन मिळतात. गावापासून जवळ उपचार असतील, तर सक्तीची गरज कमी होईल. आणि जेथे ती टळणार नाही, तेथे तिच्यावर कोणाची तरी नजर हवी. मंडळे कागदावर राहिली, त्यांच्या बैठका झाल्या नाहीत, तर रुग्णाचे तीस दिवस कधी तीन वर्षे होतात, ते कोणालाच कळत नाही.

प्रार्थना आणि साखळी

आपल्या भाविकांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आणि हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला कितीतरी कुटुंबे आपल्या आजारी माणसाला घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेला आम्ही वंदन करतो. परंतु भूतबाधा समजून माणसाला बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे किंवा त्याचे औषध बंद करणे ही प्रार्थना नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. ख्रिस्तसभेची शिकवणही वेगळी नाही. बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणत्याही धर्मगुरूला भूतनिवारणाचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करणे आवश्यक मानले आहे. २००६ चा जागतिक रुग्ण दिन ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे मानसिक रुग्णांसाठीच वाहिला होता. प्रार्थना आणि औषध यांत निवड करावी असे ख्रिस्तसभा सांगत नाही.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, आजार आटोक्यात असताना करावयाची. आपला प्रतिनिधी कोण, हे प्रत्येक प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवू शकते. तो नातेवाईकच असावा असे नाही. विश्वासाचा मित्र किंवा शेजारीही चालतो. पुन्हा आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचे आगाऊ निर्देशपत्रही करता येते. घरात याविषयी शांतपणे बोलले गेले, तर संकटाच्या रात्री बळाचा वापर करण्याची वेळ सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट, दाखल करताना करावयाची. कोणत्या कलमाखाली दाखल केले, मंडळाला कळविले काय, तीस दिवस कधी पुरे होतात, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. रुग्णाला दूरध्वनी करण्याचा, भेटीचा, आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा आणि विनामूल्य वकिलाचा हक्क आहे. नाशिकसह प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. मनोरुग्णालयात असलेल्या व्यक्तीला तेथून विनामूल्य मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मनःस्थिती बिघडल्यास सल्ल्यासाठी १४४१६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

तिसरी गोष्ट धर्मग्रामाची आहे. आपल्या धर्मग्रामातील कोणी मनोरुग्णालयात आहे काय, याची माहिती धर्मगुरूंना असावी. मजूर बापाला दुसऱ्यांदा ठाण्याला जाता यावे म्हणून संत विन्सेंट दी पॉल सभेने गाडीभाडे दिले, तर ते वर्षाकाठी फार मोठे होणार नाही. पण त्या भेटीमुळे एक नाते टिकेल आणि घरचा पत्ता रुग्णालयाच्या कागदावर जिवंत राहील. बरे झालेल्यांना घरी पोहोचविता येते, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांनी दाखवून दिले आहे. रस्त्यावरील हजारो मनोरुग्णांना त्यांनी त्यांच्या कुटुंबांत परत नेले आणि २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माऊली संस्था रस्त्यावर सापडलेल्या निराधार मनोरुग्ण स्त्रियांना घर देते.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या प्रदेशातील एका माणसाची कथा आहे. लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा साखळ्यांनी बांधले होते आणि तो थडग्यांमध्ये राहत असे. तो बरा झाला, वस्त्रे नेसून शुद्धीवर बसला, तेव्हा गावकऱ्यांना आनंद झाला नाही, ते घाबरले. तो माणूस येशूबरोबर नावेत बसू पाहत होता, पण येशूने त्याला घरी, त्याच्या आपल्या माणसांत पाठविले. प्रभूने त्याला जेथे जावयास सांगितले, तेथे त्याला आत घेणारे दार आपले आहे. येत्या रविवारी मिस्सेला जाताना आपल्या बाकावरील रिकाम्या जागेकडे एकदा पाहावे आणि त्या घरी जाऊन विचारपूस करावी, एवढीच आमची विनंती आहे.